राखाडी दिसणारी जांभळी रेघ

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, एक लांबट खोली होती. खिडकी एक, टेबलं दोन, भिंतीला टेकून रचलेले कागदाचे गठ्ठे, आणि मधोमध एक जुना रंगीत प्रिंटर. कमरेपेक्षा उंच, दोन माणसांना न हलणारा. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून जी बाई बसायची तिला सगळे शाईताई म्हणत. खरं म्हणजे त्या यंत्रात शाई नव्हतीच, रंगाची पावडर होती. पण एकदा नाव पडलं की पडलं. तिच्या उजव्या हाताच्या नखांच्या कडा कायम निळसर असायच्या, त्यामुळे नावाला पुरावाही होता.

तिचं काम सांगायला एका वाक्याचं होतं. शहराच्या पोटातून जे नळ गेलेत त्यांचे नकाशे ती मोठ्या कागदावर छापून द्यायची. खोदकामाच्या टोळ्या सकाळी तिच्या खिडकीशी यायच्या, आपापल्या गल्लीचा कागद घ्यायच्या आणि जायच्या. नकाशावर निळी रेघ म्हणजे चालू नळ. जांभळी रेघ म्हणजे बंद पडलेला नळ, ज्याला टोळीतले लोक मेलेला नळ म्हणत. आणि राखाडी रेघ म्हणजे विजेची केबल. ती दुसऱ्या खात्याची, पण खोदताना हात जपून चालावा म्हणून दाखवलेली. कोणाला कोणता कागद दिला आणि कोणता परत आला हे शाईताई एका जाड वहीत लिहून ठेवायची. बावीस वर्षांत अशा सात वह्या भरल्या होत्या. वह्या कोणी मागितल्या नव्हत्या, पण न लिहिता कागद दिला तर तिला जेवण गोड लागत नसे.

तर त्या वर्षी नवे साहेब आले, आणि त्यांच्यामागून महिन्याभरात नवा प्रिंटरही आला. टेबलावर बसेल एवढा, पांढरा, समोर काचेची पाटी, तिला बोट लावलं की बोलल्यासारखी उजळायची. टोळ्यांच्या मुकादमाने त्याच दिवशी दोघांची बारशी उरकून टाकली. जुना तो थोरली, नवा तो धाकटी. म्हणाला, “ताई, आता दोन सुना एका घरात. भांडणं तुमच्या खोलीत, आम्हाला काय!”

साहेब मनाने सरळ होते. त्यांनी शाईताईला वर बोलावलं, बसायला सांगितलं आणि गोष्ट न लपवता सांगितली. पंधरा दिवस दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी चालवायची. तेच कागद दोन्हींवर छापायचे. मग कोणतं ठेवायचं आणि का, हे तिने लिहून द्यायचं. थोरली ठेवली तर खोली आहे तशी राहील. धाकटी ठेवली तर तिला सांभाळायला माणूस लागत नाही, वरचे लोक आपापल्या टेबलावरून हुकूम सोडतील आणि येता-जाता कागद उचलतील. मग शाईताईची बदली तळघरात, जावक विभागात, पाकिटांवर नोंदी करायला.

“तुमच्याइतकं त्या यंत्राला कोणी ओळखत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतोय,” साहेब म्हणाले.

जिना उतरताना तिला हसावं की रडावं ते कळेना. न्यायाधीशही तीच आणि आरोपीही तीच. त्यात लिहिण्याचं काम. वहीतल्या नोंदी सोडल्या तर तिने आयुष्यात रजेचे अर्ज लिहिले होते, तेही नवऱ्याकडून वाचून घेऊन.

पण काम अंगावर पडलं की ते चोख करायची तिची खोड होती. तिने शाळेच्या मुलीसारखी एक पातळ वही आणली, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे थोरली लिहिलं, उजवीकडे धाकटी.

थोरलीला सकाळी जागं व्हायला चार मिनिटं लागायची. त्या चार मिनिटांत ती कण्हायची, खोकायची, आतून काहीतरी घसरल्यासारखा आवाज करायची, आणि मग पहिला कागद असा गरम बाहेर यायचा की थंडीत तो हातात धरायला टोळीतले लोक भांडायचे. धाकटी बोट लावताच तयार. आवाज पंख्याएवढा. थोरली मिनिटाला सहा कागद द्यायची, तेही मूड असेल तर. धाकटी मिनिटाला तीस, आणि सांगितलं तर दोन्ही बाजूंनी. थोरलीत कागद अडकला की मागचं दार उघडून, बाही वर करून, कोपरापर्यंत हात घालावा लागे. कुठे हात भाजेल आणि कुठे भाजणार नाही हे फक्त शाईताईला माहीत. धाकटीत पहिल्या आठ दिवसांत कागद अडकलाच नाही. थोरलीच्या कागदाला घडी घातली की घडीवरचा रंग टपकन उडायचा, नेमकी घडीवर नळाची झडप आली की ती नकाशावरून गायब. धाकटीच्या कागदाला तिने आठ घड्या घातल्या, पाण्यात बुडवला, खिडकीत वाळवला, अंगठ्याने घासला. रेघ हलली नाही.

थोरलीच्या बाजूनेही लिहिण्यासारखं होतं, आणि ते लिहिताना तिचं अक्षर जरा मोठं येत होतं. थोरली कोणतीही पावडर पचवायची. धाकटीला स्वतःच्याच कंपनीचा डबा लागे, दुसरा घातला की ती ओळखायची आणि तोंड फिरवायची. थोरलीतला एक रंग संपला तरी बाकीच्यांवर ती गाडा ओढायची. धाकटीतला पिवळा संपला की काळं अक्षरसुद्धा छापायची नाही, रुसून बसायची. मुकादमाच्या भाषेत सांगायचं तर, नव्या सुनेचे लाड जास्त.

रंगांच्या रकान्यात तिने धाकटीखाली दोनच शब्द लिहिले. “रंग ठळक.” आणि पुढे गेली. हे दोन शब्द पुढे तिला फार टोचले.

कारण थोरलीच्या रंगाची एक जुनी गोष्ट होती. पाच वर्षांपूर्वी तिच्या गुलाबी पावडरीचा डबा कंपनीने बनवायचा बंद केला. मग कुठलीतरी दुसरी पावडर भरून काम चालू ठेवलं. त्या पावडरीने गुलाबी फिका पडला, आणि जांभळी रेघ हळूहळू राखेसारखी यायला लागली. राखाडी रेघ तर चक्क मातकट. शाईताईने तेव्हाच्या साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, “रेघ दिसते ना? मग चालू द्या.” तिनेही चालू दिलं. खिडकीशी आलेल्या मुकादमाला तेवढं म्हणाली, की हल्ली मेलेला नळ राखाडी येतो हं, समजून घ्या. मुकादम समजला. त्याने टोळीला समजावलं, टोळीने नव्या माणसांना समजावलं. पाच वर्षांत राखाडी म्हणजे मेलेला हे शहरभराच्या खड्ड्यांमध्ये इतकं पक्कं झालं, की जांभळा रंग होता हे कोणाच्या स्वप्नातही उरलं नाही. आणि शाईताईचं म्हणाल, तर तिला रेघा रंगावरून ओळखाव्याच लागत नव्हत्या. बावीस वर्षांत तिला अख्खं शहर पाठ झालं होतं.

नवव्या दिवशी सकाळी थोरलीने असा कागद गिळला की तो तासाभरात निघेना. खिडकीशी मुकादम उभा. शाळेमागच्या वळणावर मेलेल्या नळाचा तुकडा कापून काढायचा होता, टोळी पुढे गेली होती, आणि याला घाई. तोवर टोळ्यांना थोरलीचेच कागद जात होते. शाईताईने धाकटीवर कागद काढला आणि दिला. मुकादमाने तो उजेडात धरला, मान हलवली, म्हणाला, “ताई, हा नकाशा आहे की लग्नपत्रिका?” आणि घडी करून खिशात घालून गेला. शाईताईने नोंद केली, हात पुसले, पुन्हा थोरलीच्या मागच्या दारात डोकं घातलं.

दुपारी डबा खायला ती रोज कचेरीमागच्या गल्लीत जायची. तिथे तिच्या नवऱ्याचं रफूचं दुकान होतं. दुकान कसलं, एक उंबरा, एक काच आणि दोऱ्यांची साडेतीनशे रिळं. कोटाला पडलेलं भोक तो असं भरायचा की मालकालाच मग भोक सापडायचं नाही. बोलायचा कमी. लोकांना वाटे गर्विष्ठ आहे. तसं नव्हतं, तोंडात बहुतेक वेळा दोरा असायचा.

त्या दिवशी तिने दोन कागद बरोबर नेले होते, एकाच गल्लीचे, एक थोरलीचा आणि एक धाकटीचा. डबा उघडायच्या आधीच म्हणाली, अहो, तुमची नजर रंगाची, जरा बघा आणि सांगा यात चांगला कोणता. मला वहीत दोन शब्दांपुढे काही सुचत नाही.

त्याने दिव्याखाली बघितलंच नाही. दोन्ही कागद घेऊन उंबऱ्यावर गेला, उन्हात धरले. दोरा जुळवताना तो नेहमी असंच करायचा. दिव्याखाली सगळे दोरे गोड बोलतात, दारात नेले की खरं सांगतात, असं त्याचं म्हणणं. बराच वेळ बघून त्याने तोंडातला दोरा काढला.

“चांगला-वाईट नंतर बघू. आधी हे सांग, ही राखाडी रेघ दोन्हीकडे एकच आहे का?”

“म्हणजे?”

“या कागदावर राखाडी इथून जाते. त्या कागदावर राखाडी तिथून जाते. ज्याला याची सवय आहे त्याच्या हातात तो दिलास, तर तो भलत्याच ठिकाणी टाका घालेल.”

शाईताईने बघितलं. थोरलीच्या कागदावर राखाडी दिसत होती ती मेलेल्या नळाची रेघ. धाकटीच्या कागदावर मेलेला नळ जांभळा होता, स्वच्छ जांभळा, आणि शेजारची खरीखुरी राखाडी रेघ होती ती विजेच्या केबलची.

मुकादम सकाळी धाकटीचा कागद घेऊन गेला होता.

तिने फोन लावला. वाजत राहिला. तिला माहीत होतं तो कुठे वाजत असणार. काम सुरू झालं की मुकादम कोट काढून गाडीच्या दाराला लटकवायचा आणि फोन कोटात. नवऱ्याने उंबऱ्यावरचं दार ओढून कुलूप घातलं, कोपऱ्यातली स्कूटर काढली. एरवी ती स्कूटर दहा लाथा खाल्ल्याशिवाय हलत नसे, त्या दिवशी तिसऱ्या लाथेला लागली. शाईताई मागे बसली, दोन्ही कागद छातीशी धरून, आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला म्हणाली, जरा जोरात चालवा.

शाळेमागच्या वळणावर खड्डा छातीएवढा खोल होता. आत दोन लोखंडी नळ्या, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, दोघींवर सारखाच गंज. एकीतून पूर्वी पाणी जायचं. दुसरीतून वीज जात होती, कारण त्या भागात जुन्या केबली लोखंडी नळीतच घातलेल्या. नुसत्या डोळ्यांनी ब्रह्मदेवालाही फरक कळला नसता. खड्ड्यात एकजण कापायची चक्री हातात घेऊन वाकलेला, आणि वर मुकादम, एका हातात धाकटीचा कागद, दुसऱ्या हाताचं बोट डावीकडच्या, विजेच्या नळीकडे.

“थांबा,” शाईताई म्हणाली. चक्रीवाला थांबला, कारण शाईताईला कचेरीबाहेर कोणी कधी बघितलंच नव्हतं.

मुकादमाला आधी काही पटेना. राखाडी म्हणजे मेलेला, हे तुम्हीच तर सांगितलंत ताई, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. तिने कागदाच्या कोपऱ्यातली चौकट दाखवली. कोणती रेघ कशाची, सगळं लिहिलेलं. मुकादमाने ती चौकट अशी बघितली, जशी घरातली एखादी खुंटी माणसाला वीस वर्षांनी दिसावी. तिथे कोण वाचतं, म्हणाला. मग त्याने खड्ड्यातल्या माणसाला वर यायला सांगितलं, चक्री स्वतः हातात घेऊन गाडीत ठेवली, आणि मातीच्या ढिगावर बसला. जरा वेळाने तो म्हणाला, “पाणी द्या रे कोणी.” आणि मग त्यालाच हसू आलं. “पाणीखात्याची माणसं आपण, आणि एका गाडीत प्यायला पाणी नाही.”

पाणी शाळेतून आणलं. सगळे प्यायले, शाईताईसुद्धा. तिचा जीव भांड्यात पडला.

निघताना मुकादम तिला बाजूला घेऊन गेला. माणूस चतुर होता आणि तिचं भलं इच्छिणारा होता. म्हणाला, ताई, बरं झालं की वाईट झालं, पण हातात हुकमाचा पत्ता आलाय. साहेबांना सांगा, धाकटीच्या कागदापायी माणूस जाणार होता. आम्ही सगळे सह्या करू. धाकटी जाईल, थोरली राहील, आणि तुम्हीही. खोटं काहीच नाही यात.

परत येताना स्कूटरवर ती मुकादमाचं बोलणं मनात घोळवत राहिली. खोटं काहीच नव्हतं, हे खरं. माणूस धाकटीच्या कागदामुळेच जाणार होता. तळघरात खिडकी नाही, हेही खरं. दुकानाशी उतरल्यावर तिने नवऱ्याला विचारलं. त्याने कुलूप उघडलं, रिळं सरळ केली, मग म्हणाला, “रफू केलेला कोट रफू केलेला म्हणून विकावा. लोक आनंदाने घेतात. न सांगता विकला, तर टाका कितीही सुबक असो, ती फसवणूक.” आणि दोरा पुन्हा तोंडात धरला.

दुसऱ्या दिवशी ती एक तास लवकर आली. खिडकी उघडली, थोरलीशेजारी बसली आणि लिहायला घेतलं. पहिलं वाक्य चारदा खोडलं. मग वाटलं, आपल्याला कुठे बक्षीस मिळवायचंय, वहीत नोंद करतो तसं लिहावं. तसं लिहिलं तर पान भरलं.

तिने लिहिलं की दोन्ही यंत्रांत धाकटी चांगली आहे. का चांगली, ते वेग, घडी, पाणी, आवाज, सगळं एकाखाली एक. धाकटीच्या खोडीही लिहिल्या, डब्याचे लाड आणि पिवळ्याचा रुसवा. मग कालची गोष्ट लिहिली, शाळेमागच्या खड्ड्याची, काही न गाळता. आणि खाली हे:

“काल चूक धाकटीची नव्हती. तिने जांभळा जांभळा छापला. थोरलीचा जांभळा पाच वर्षांपासून जांभळा नाही, हे मला माहीत होतं. मी एकदा तोंडी सांगितलं आणि मग सवय करून घेतली, आणि दुसऱ्यांनाही लावली. थोरलीचे कागद अजून लोकांच्या खिशात आहेत. ते परत घेतल्याशिवाय धाकटीचा एकही कागद बाहेर देऊ नये.”

सही करून तिने तो कागद वर नेऊन दिला, आणि खाली येऊन आपल्या डब्याची पिशवी, चष्म्याचं घर आणि खिडकीतली छोटी कुंडी एका खोक्यात भरून ठेवली. उगीच कोणी घाई करायला लावायला नको.

अकराच्या सुमाराला साहेब स्वतः खाली आले. त्यांच्या हातात तिचा कागद होता. त्यांनी खोक्याकडे बघितलं. मग विचारलं, की थोरलीचे किती कागद बाहेर असतील, आणि कोणाकडे?

शाईताईने सात वह्यांपैकी शेवटच्या दोन काढल्या. बोट फिरवत गेली. पाच वर्षांत दिलेले, परत न आलेले, तीनशे बेचाळीस. कोणते टोळीच्या गाडीत, कोणते टाकीवरच्या खोलीत भिंतीला चिकटवलेले, कोणता मुकादमाच्या पावसाळी कोटात. नावनिशीवार.

साहेब दुसऱ्या खुर्चीवर बसले. वह्या चाळत राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, “हे मी कोणत्या यंत्राला विचारणार होतो?”

त्यांनी तिथेच बसून ठरवलं ते असं. थोरली जाईल. धाकटी राहील, पण याच खोलीत राहील आणि वरून कोणी तिला हुकूम सोडणार नाही. जुना कागद आणून दिल्याशिवाय नवा मिळणार नाही. आणि नवा घेताना माणसाने प्रत्येक रेघेवर बोट ठेवून शाईताईला ती कशाची ते सांगायचं. चुकला तर कागद नाही. जाता जाता ते म्हणाले, “रंग ठळक एवढंच लिहिलंय तुम्ही वहीत. ते तेवढं वाढवा,” आणि हसले. वही उघडीच पडली होती.

थोरलीला न्यायला चार माणसं लागली. शाईताईने तिचं मागचं दार शेवटचं उघडून तो गिळलेला कागद काढून घेतला. दाराबाहेर पडताना थोरलीची चाकं कण्हली, तशीच, सकाळी जागी होताना कण्हायची तशी. मग खोली एकदम मोठी वाटायला लागली. टेबल सरकवून धाकटी खिडकीजवळ आणली. तिथे उजेड खरा होता.

पहिला कागद परत करायला मुकादमच आला. पावसाळी कोटातून काढलेली घडी, चार ठिकाणी फाटलेली, मेलेला नळ राखाडी. शाईताईने ती घेतली, वहीत खूण केली, राहिले तीनशे एक्केचाळीस. धाकटीवरचा नवा कागद तिने खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात पसरला. मुकादम म्हणाला, या वयात परीक्षा घेता होय, ताई? ती कागदाचा कोपरा दाबून धरून वाट बघत राहिली. तेव्हा त्याने मातीने भरलेलं बोट आधी शर्टाला पुसलं आणि कागदावर टेकवलं.

“निळी, चालू. ही जांभळी, मेलेली. आणि ही राखाडी...” तो थांबला. “ही दिसली की सगळ्यांनी खड्ड्यातून वर यायचं.”

“बरोबर,” शाईताई म्हणाली, आणि कागद त्याच्या हातात दिला. खोक्यातली कुंडी काढून तिने पुन्हा खिडकीत ठेवली, धाकटीला ऊन अडणार नाही अशी, जरा कडेला.